धर्मानंद कोसंबी : एका विषयाचा पाठलाग

पाली भाषेला स्वतःची लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत, सयामात तिथल्या लिपीत, आणि युरोपातल्या पंडितांनी ती रोमन अक्षरांत छापली. म्हणजे एकच ग्रंथ नीट तपासायचा तर आधी तीन-चार लिप्या गिरवायच्या आणि मगच पहिलं वाक्य वाचायचं! 1900 च्या सुमारास मराठी मुलखातल्या एखाद्या तरुणाला ही भाषा शिकावीशी वाटली असती, तर त्याला ना शिक्षक मिळाला असता, ना देवनागरीतले पुस्तक. ज्याचे शालेय शिक्षण जेमतेम चार इयत्तांचे, घरची भाषा कोंकणी, इंग्रजी जवळजवळ शून्य आणि खिशात दमडी नाही, अशा माणसाने तर हा नाद सोडूनच द्यायचा. गोव्यातल्या सांकवाळच्या एका तरुणाने तो सोडला नाही.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य. घरी नारळांच्या बागा होत्या. थोडेफार मराठी शिक्षण झाल्यावर मुलाला शाळेतून काढून बागायतीच्या कामाला लावले. पंधराव्या वर्षी लग्न झाले. वरवर पाहता एका सारस्वत शेतकरी घरातल्या मुलाचे आयुष्य ठरल्यासारखेच झाले होते.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण थोरांच्या चरित्रांत ती सहसा झाकली जाते. हा मुलगा मुळात एकाग्र वगैरे नव्हता. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र 1924 साली प्रसिद्ध झाले. ते वाचताना दिसतो तो अस्वस्थ, चटकन खचणारा, तब्येतीने नाजूक आणि एका जागी न रमणारा तरुण. शिकायचे म्हणून घर सोडायचे आणि थोड्या दिवसांत परत यायचे, असे त्यांचे आधीही झाले होते. तुकारामांच्या अभंगांनी त्यांना अशा दिवसांत आधार दिला. मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि पुढे बुद्धाचे एक मराठी चरित्र हाती लागले. या माणसाचा धर्म नेमका काय होता, त्याचे मूळ ग्रंथ कुठे आहेत आणि ते कोण शिकवील, हा प्रश्न तिथून त्यांच्या डोक्यात जो घुसला तो शेवटपर्यंत निघाला नाही.

1899 च्या अखेरीस ते घरातून बाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली तान्ही मुलगी माणिक. कौतुकाने चरित्र लिहिणारे या वाक्यावरून झपकन पुढे सरकतात. बुद्धानेही घर सोडले होते म्हटले की गृहत्यागाला एक तेज चढते. पण सांकवाळच्या घरात त्या दिवशी तेजबीज काही नसणार. नवरा सुमारे सात वर्षे परतला नाही. एवढ्या काळात त्या घरातल्या बाईने काय ऐकून घेतले असेल आणि काय गिळले असेल, ते लिहिणारे पुस्तक आपल्याकडे नाही. या लेखात मी कोसंबींचे कौतुक करणार आहे, पण त्यांच्या अभ्यासाचा खर्च त्यांनी एकट्याने भरला नाही हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे.

पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकर भेटले. मूळ ग्रंथांपर्यंत जायचे तर आधी संस्कृत पक्के हवे. तिथून ग्वाल्हेर. आपल्या मराठी माणसांची घरे तिथे पूर्वीपासून होतीच. त्या आश्रयाने काही दिवस काढून ते काशीला पोचले. अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबुवांपुढे बसून व्याकरण घोकायचे. काशीचा उन्हाळा, प्लेगची भीती, अपुरे अन्न. ज्याला बुद्ध शिकायचा आहे त्याने पाणिनीच्या सूत्रांत दोन वर्षे का घालवावीत, असं आपल्याला वाटेल. विद्यार्थ्याला कठीण विषयात हाच टप्पा सर्वात जास्त छळतो. हवी ती गोष्ट अजून दिसतही नसते, आणि जी समोर असते ती रटाळ असते. रसायनशास्त्र आवडतं म्हणून यावं आणि वर्षभर गणितच करावं लागावं, तसंच. कोसंबी काशीत टिकले, कारण व्याकरणाची गोडी लागली एवढ्यावर नव्हे. ते कशासाठी शिकतोय याचा त्यांना विसर पडला नव्हता.

1902 मध्ये ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ तरी त्याचा धर्म जिवंत असेल ही आशा होती. जे दिसले त्याने घोर निराशा झाली. तसेच उलट पावली बुद्धगयेला. तिथे कळले की पाली ग्रंथ शिकायचे तर सिंहलद्वीप गाठावे लागेल. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते कोलंबोला पोचले. विद्योदय विद्यालयात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली अखेर पालीचा पहिला धडा मिळाला. घर सोडल्याला तोवर दोन वर्षांवर काळ लोटला होता. म्हणजे आपण ज्याला अभ्यासाला सुरुवात म्हणतो, ती व्हायलाच एवढी वणवण झाली.

इथे गोव्याच्या वाचकांसाठी थोडे आडवळण. सांकवाळहून सिंहलाला गेलेले कोसंबी हे काही पहिले नव्हेत. फादर जुझे वाझ यांच्या वडिलांचे गाव सांकवाळच. जन्म आजोळी बाणावलीला, 1651 चा, पण पहिली अक्षरे गिरवली ती सांकवाळात. डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना बंदी केलेली असताना 1687 मध्ये ते मजुराच्या वेषात सिंहलात उतरले, तिथल्या भाषा शिकले आणि 1711 मध्ये कँडीला वारले. 2015 मध्ये कोलंबोत त्यांना संतपद जाहीर झाले. एकाच गावची दोन माणसे, दोनशेहून अधिक वर्षांच्या अंतराने, अगदी उलट दिशेच्या कामासाठी त्याच बेटावर गेली. एक द्यायला, एक घ्यायला. दोघांनाही आधी तिथली भाषा शिकण्यात गुडघे टेकावे लागले.

कोलंबोत कोसंबी श्रामणेर झाले. सिंहली लिपी आली, पाली येऊ लागली, पण तिथले अन्न त्यांना मानवेना. प्रकृती ढासळली. 1903 मध्ये ते मद्रासला परतले आणि नंतर ब्रह्मदेशात गेले. तिथे पुन्हा नवी लिपी, नवे उच्चार. एकच पाली शब्द सिंहली भिक्षू एक तऱ्हेने म्हणतो, बर्मी भिक्षू भलत्याच तऱ्हेने! 1904 च्या सुमारास सागाइंगच्या डोंगरातल्या गुहेत ते ध्यानासाठी राहिले. त्या वेळी ज्ञानतिलोक हे जर्मन भिक्षू त्यांच्यासोबत होते. मध्ये भारतात येऊन बुद्धाशी जोडलेली ठिकाणे त्यांनी भिक्षुवेषात हिंडून पाहिली.

याच वर्षांत त्यांच्या आयुष्यातला खरा ग्रंथ त्यांच्या हाती स्थिर झाला. ‘विसुद्धिमग्ग’. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी अनुराधपुरच्या महाविहारात तो रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा असे तीन भाग, तेवीस परिच्छेद. ग्रंथ अवघड आहे, आणि गंमत अशी की त्यातला मोठा हिस्सा मन एकाग्र कसे करावे याविषयीचाच आहे. म्हणजे कोसंबी एकाग्रतेनं जो विषय शिकत होते तो विषयच एकाग्रता!

पण बुद्धघोष उपदेश करत बसत नाहीत. एखाद्या कसलेल्या वस्तादासारखे ते बारीकसारीक तयारीपासून सुरू करतात. ध्यानाचे चाळीस विषय सांगतात आणि माणसामाणसाचा स्वभाव पाहून विषय द्यावा म्हणतात. रागीट माणसाला जो चालेल तो शंकेखोराला चालेलच असे नाही. पृथ्वी-कसिण नावाचा पहिला प्रकार पाहा. पहाटेच्या रंगाची माती मळून एक वीत चार बोटे रुंदीची चकती करायची. खडा, गवत, मूळ काही राहू द्यायचे नाही. चकती गुळगुळीत करायची आणि अडीच हातांवर बसायचे. डोळे फार ताणायचे नाहीत, फार मिटायचेही नाहीत. ती पाहात राहायची, मग डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे. शेकडो वेळा, हजार वेळा. कधीतरी मिटल्या डोळ्यांपुढे ती उघड्या डोळ्यांइतकीच स्पष्ट उभी राहते. तेव्हा तिथून उठून आपल्या राहत्या जागी जायचे आणि तिथे मनातल्या चकतीवर काम चालू ठेवायचे.

आणि यापुढे जे सांगितले आहे ते मला सगळ्या ग्रंथात सर्वात शहाणपणाचे वाटते. साधकाने एकपदरी तळव्याची पादत्राणे आणि एक काठी जवळ ठेवावी. कशाला? तर नव्याने जुळलेली एकाग्रता काही कारणाने मोडली, की ती पायात घालायची, काठी घ्यायची, चकतीपाशी परत जायचे आणि पहिल्यापासून पाहायला बसायचे. बुद्धघोषांनी धरूनच ठेवले आहे की मन सुटणार. त्याबद्दल ना राग, ना शिक्षा. परतीची वहाण तेवढी दाराशी हवी.

याच्या थोडे आधी दहा अडथळ्यांची यादी येते. पालीत त्यांना पलिबोध म्हणतात. राहण्याची जागा, ओळखीची कुटुंबे, मिळकत, शिष्यांचा घोळका, बांधकामासारखी कामे, प्रवास, नातेवाईक, आजारपण, ग्रंथांचे अध्ययन आणि ऋद्धी म्हणजे सिद्धी. ही यादी कोसंबींच्या आयुष्याशेजारी ठेवली तर हसू येते. प्रवास? सात वर्षे तेच चालले होते. आजारपण? पाठ सोडत नव्हते. ग्रंथांचे अध्ययन? त्यासाठीच तर सगळा खटाटोप! सिद्धी तेवढी त्यांना आडवी आली नाही. नाहीतरी बुद्धघोषांच्या मते तो अडथळा समाधीच्या वाटेवरचा नाहीच, तो पुढच्या विपश्यनेच्या वाटेवरचा.

नातेवाइकांच्या अडथळ्यावर मात्र थबकायला हवे. आईवडील, भावंडे आजारी पडली की साधकाचे मन त्यांच्यात अडकते. मग हा अडथळा दूर कसा करायचा? बुद्धघोषांचे उत्तर असे की त्यांची शुश्रूषा करून त्यांना बरे करायचे, म्हणजे अडथळा आपोआप सुटतो. पाठ फिरवून निघून जा, असे ते म्हणत नाहीत. हे भिक्षूंसाठी लिहिलेले आहे आणि बायकामुलांचा त्यात उल्लेख नाही, हे खरे. तरीही हा परिच्छेद कोसंबींनी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांना सांकवाळ आठवले नसेल, असे मला वाटत नाही.

1906 मध्ये ते कलकत्त्याला आले. बंगालच्या फाळणीनंतरचे ते पेटलेले दिवस. तिथल्या नव्या नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचे काम मिळाले. चीवर उतरवून ते गृहस्थ झाले, गोव्याला गेले, घरच्यांची गाठ पडली. जुलै 1907 मध्ये मुलगा झाला. तोच पुढचा गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. विद्यापीठाची नोकरी, डोक्यावर छप्पर. कुणीही म्हटलं असतं, आता बसा निवांत.

ते बसले नाहीत. पाली आपल्या मुलखात, आपल्या भाषेत पोचली पाहिजे हे त्यांच्या मनात होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले, तीन वर्षांसाठी. महाराष्ट्रात कुठल्याही शहरी राहावे आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहावे, एवढीच अपेक्षा. कलकत्त्याची चांगली नोकरी टाकून त्यांनी हे 50 रुपये पत्करले. बडोद्यात दिलेली त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने 1910 मध्ये पुस्तकरूपाने आली. सोपी, घरगुती म्हणावी अशी मराठी आहे ती. इतक्या लिप्यांतून गेलेला माणूस इतकं साधं लिहितो याचं आश्चर्य वाटतं. पण ज्याला विषय खरोखर कळलेला असतो त्याला अवघड लिहिण्याची गरज बहुधा पडत नसावी. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी म्हणूनही त्यांनी खटपट केली, आणि भांडारकरांच्या पाठबळाने ती मिळाली.

हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता कोसंबींकडे शिकले. त्यांच्यामार्फत 1910 मध्ये अमेरिकेचे बोलावणे आले. काम ‘विसुद्धिमग्ग’चेच!

त्याची हकीकत अशी. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या बोस्टनच्या विद्वानाने या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती. लहानपणी अपघातात पाठीचा कणा दुखावल्याने वॉरनना धड बसता येत नसे. आधार घेऊन उभ्याने, कधी गुडघ्यांवर टेकून ते काम करत. सिंहली आणि बर्मी हस्तलिखिते शेजारी ठेवून ओळ न् ओळ पडताळायची. 1899 मध्ये ते वारले तेव्हा काम अपुरे होते. त्याच वर्षाच्या शेवटी सांकवाळहून एक तरुण घराबाहेर पडला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारणच नव्हते.

वॉरन यांचे गुरू प्राध्यापक लॅनमन यांच्या देखरेखीखाली कोसंबी कामाला लागले. पाठभेद निवडायला पोथ्यांचा ढीग पुरत नाही; त्या ग्रंथाच्या परंपरेत बसून जो शिकला आहे त्याचे कान लागतात. ते कोसंबींकडे होते. पण मग प्रश्न आला श्रेयाचा. शीर्षकपानावर कोणाचे नाव कसे छापायचे यावरून दोघांचे बिनसले आणि 1912 मध्ये कोसंबी काम सोडून परत आले. एवढ्या ध्यानाच्या ग्रंथावर काम करणारी माणसे नावावरून भांडली, म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पडद्याआडच्या मेहनतीवर दुसऱ्याची सही होऊ द्यायची नाही, हा हट्ट मला रास्त वाटतो.

पुढची सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. पु. वि. बापट हे त्यांचे तिथलेच विद्यार्थी. बापटांनी पुढे ‘विसुद्धिमग्ग’ची तुलना ‘विमुत्तिमग्ग’ या भावंड-ग्रंथाशी केली, म्हणजे गुरूचा विषय शिष्याने एक पायरी वर नेला. 1918 मध्ये हार्वर्डचे पुन्हा बोलावणे आले आणि कोसंबी गेले. या खेपेला माणिक आणि दामोदर बरोबर होते. ज्या मुलीला तान्ही सोडून बाप पाली शोधायला निघाला होता, ती अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजात शिकून पदवीधर झाली. 1926 मध्ये तिसरी खेप. मधल्या काळात अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, नंतर रशियात लेनिनग्राड, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग. 1931 मध्ये चौथ्यांदा हार्वर्ड. घर, देश, नोकरी, वेष, सगळे बदलत होते. दर वेळी माणूस वहाणा घालून त्याच मातीच्या चकतीपाशी परत.

1932 मध्ये संपादन पुरे झाले. छापून मात्र येईना. मग कोसंबींनी वाट पाहणे सोडले. ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी देवनागरीत सिद्ध केला आणि मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने 1940 मध्ये तो प्रकाशित केला. चाळीस वर्षांपूर्वी घराबाहेर पडलेल्या एका तरुणाला जे पुस्तक कुठेच मिळाले नसते, ते आता आपल्या अक्षरांत छापलेले होते. त्यावर त्यांनी पालीत एक टीकाही लिहिली. मराठीत ‘भगवान बुद्ध’ लिहिला. त्यातल्या काही मतांवरून वाद झाले, ते अजून मिटलेले नाहीत.

शेवटची वर्षे आजारपणाची होती. शरीर आता उपयोगाचे उरले नाही असे ठरवून त्यांनी अन्न सोडण्याचा निश्चय केला. गांधीजींनी एकदा परावृत्त केले. पण मग सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी पुन्हा उपवास आरंभला आणि 4 जून 1947 रोजी तिथेच त्यांचा अंत झाला.

हार्वर्डची आवृत्ती त्या मालेतला 41 वा खंड म्हणून 1950 मध्ये बाहेर आली. वॉरनना जाऊन 51 वर्षे झाली होती, लॅनमन 1941 मध्ये गेले होते, कोसंबींना जाऊन तीन वर्षे. शीर्षकपानावर संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आहे, आणि त्याखाली संशोधित करणारा म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे.